आयरिश क्रांतिसैनिकाचा निवृत्तिवेतनाचा दावा: फाइल कशी शोधावी आणि कशी वाचावी

आयर्लंडमधील १९१६ चा ईस्टरचा उठाव, १९१९ ते १९२१ चे स्वातंत्र्ययुद्ध आणि त्यापाठोपाठ १९२२–२३ मध्ये झालेले यादवी युद्ध यांत भाग घेतलेल्या स्त्री-पुरुषांनी पुढे आपल्याच देशाच्या सरकारकडे निवृत्तिवेतनासाठी अर्ज केले. ती सगळी कागदपत्रे आज डब्लिनच्या रॅथमाइन्स भागात, कहल ब्रू बराकींमध्ये असलेल्या लष्करी अभिलेखागारात जतन केलेली आहेत. सुमारे तीन लाख फायलींचा हा संग्रह जानेवारी २०१४ पासून टप्प्याटप्प्याने संकेतस्थळावर खुला होत आला आहे, आणि तो कुठूनही विनामूल्य पाहता येतो. आयरिश इतिहासाचा अभ्यास करणारे विद्यार्थी, लग्नाने किंवा स्थलांतराने आयरिश कुटुंबाशी नाते जुळलेले वाचक आणि १९२० मध्ये भारतातच झालेल्या आयरिश सैनिकांच्या बंडाविषयी कुतूहल असलेले अभ्यासक यांना या फायलींकडे वळावेसे वाटते. पण पहिली फाइल उघडल्यावर बहुतेक जण गोंधळतात. कागदांचा क्रम उलटसुलट असतो, एकाच माणसाच्या तीन-चार फायली निघतात, आणि शेवटी दावा फेटाळल्याचे पत्र दिसले की ‘म्हणजे हा माणूस लढ्यात नव्हताच’ असा घाईचा निष्कर्ष काढला जातो.

तो निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. अर्जदाराने प्रत्यक्ष काय केले आणि त्या वेळी लागू असलेल्या कायद्यापुढे त्याला काय सिद्ध करता आले, या दोन गोष्टींत मोठे अंतर असू शकते, आणि फाइलमध्ये उमटते ते यातले दुसरे. १९२४ आणि १९३४ च्या सेवा-निवृत्तिवेतन कायद्यांखाली मिळून सुमारे ८२,००० जणांनी अर्ज केले आणि त्यांपैकी सुमारे १५,७०० जणांचेच मंजूर झाले. उरलेल्या हजारो अर्जदारांत खोटे दावे करणारे काही असतीलही, परंतु कित्येकांची सेवा कायद्याने आखलेल्या व्याख्येत बसली नाही, इतकेच त्या नकाराचे कारण होते. पुढील पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: माणूस नक्की करा

शोध घेण्यापूर्वी त्या व्यक्तीचे नाव, गाव, अंदाजे जन्मवर्ष आणि जमल्यास आईवडिलांची नावे एका कागदावर लिहून काढावीत. आयरिश नावांची मोठी अडचण अशी की एकच माणूस एका कागदावर जॉन वॉल्श असतो, तर दुसऱ्यावर शॉन ब्रनाख असतो. स्वातंत्र्यलढ्यातील अनेकांनी आपली नावे गेलिक, म्हणजे आयरिश भाषेतील रूपात लिहायला सुरुवात केली होती, कारकुनांनी मात्र ती कधी इंग्रजी वळणाने नोंदवली, कधी गेलिक. आडनावापुढचे ‘ओ’ किंवा ‘मॅक’ हे उपपद एका नोंदीत असते, दुसरीत गळालेले असते. म्हणून दोन्ही रूपे, उपपदासह आणि उपपदाशिवाय, रोमन लिपीत टंकून पाहावीत. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे शोधणे अनिवार्य आहे, कारण १९२० साली अविवाहित असलेल्या मुलीने १९३५ मध्ये अर्ज केला तो विवाहित नावाने.

गाव नक्की करण्यासाठी १९०१ आणि १९११ ची जनगणना उपयोगी पडते. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या दोन्ही जनगणनांचे घरोघरचे तक्ते संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. १९११ मध्ये बारा-चौदा वर्षांचा असलेला मुलगा १९२० मध्ये तुकडीत असण्याच्या वयाचा होतो, त्यामुळे या तक्त्यात घरातली सगळी भावंडे एकदम पाहून घ्यावीत. एका घरातील दोघे-तिघे चळवळीत असणे सर्रास आढळते आणि भावाच्या फाइलमध्ये भावाचा उल्लेख हमखास सापडतो. त्याआधीच्या जनगणनांच्या मागे लागू नये. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखालय जळाले, तेव्हा आयर्लंडच्या कागदपत्रांचा फार मोठा भाग नष्ट झाला.

दुसरी पायरी: अर्ज कोणत्या कायद्याखाली आहे ते ओळखा

नवख्या वाचकाने सर्वाधिक वेळ या पायरीवर द्यावा. कायदा ओळखला की फाइलमधील निम्मे कोडे सुटते, कारण कोणाला अर्ज करता येत होता, काय सिद्ध करायचे होते आणि निर्णय कोण देणार होते, हे सगळे कायद्यानुसार बदलत गेले.

पहिला कायदा १९२३ चा. तो जखमी झालेल्यांसाठी आणि मृतांवर अवलंबून असलेल्या आईवडील, पत्नी, मुले अशा नातेवाइकांसाठी होता. नुसती सेवा केली म्हणून त्याखाली काही मिळत नसे, जखम किंवा मृत्यू दाखवावा लागे. नंतर १९२४ चा सेवा-निवृत्तिवेतन कायदा आला आणि केलेल्या सेवेबद्दल पैसे देण्याची पद्धत सुरू झाली. परंतु त्यातील अट नीट पाहिली पाहिजे. ब्रिटनशी झालेल्या ६ डिसेंबर १९२१ च्या तहावरून चळवळीत उभी फूट पडली होती, तहाच्या बाजूने असलेल्या सरकारने यादवी युद्ध जिंकले होते, आणि १९२४ चा कायदा त्याच सरकारचा होता. त्यामुळे १९१६ पासून कितीही पराक्रम केलेला असला, तरी यादवी युद्धाच्या काळात या सरकारच्या राष्ट्रीय सेनेत नोकरी केलेली असल्याशिवाय या कायद्याखाली अर्जच करता येत नसे. तहाला विरोध करणारे हजारो सैनिक त्यामुळे दाराबाहेर राहिले.

१९३२ मध्ये तहविरोधी नेते एमन डी व्हॅलेरा यांचा पक्ष सत्तेवर आला आणि चित्र पालटले. जखमी आणि मृतांचे नातेवाईक यांच्यासाठीच्या तरतुदी त्याच वर्षी तहविरोधकांपर्यंत नेण्यात आल्या, आणि १९३४ च्या नव्या सेवा-निवृत्तिवेतन कायद्याने आयरिश रिपब्लिकन आर्मीचे तहविरोधी सैनिक, कुमन ना मॉन ही स्त्रियांची संघटना, फिअना एरिन ही किशोरांची संघटना, आयरिश सिटिझन आर्मी आणि हायबर्नियन रायफल्स अशा सर्वांना अर्जाचा हक्क दिला. एखाद्या अर्जदाराने दहा-बारा वर्षे गप्प बसून १९३५ मध्येच अर्ज का केला, असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर बहुधा या राजकीय इतिहासात असते. त्याशिवाय काहींनी तत्त्व म्हणून अर्ज केलाच नाही, कारण ज्या राज्याला त्यांनी मान्यता दिली नव्हती त्याचे पैसे घेणे त्यांना पटत नव्हते. म्हणून फाइल नसणे हाही सेवा नसल्याचा पुरावा ठरत नाही.

१९४९ च्या दुरुस्तीने दार पुन्हा एकदा उघडले. पूर्वी नकार मिळालेल्यांना फेरविचाराची मागणी करता आली आणि नव्यांनाही अर्ज करता आले. यांखेरीज १९४० च्या दशकात ‘विशेष भत्ता’ सुरू झाला. सेवापदक मिळालेल्या, परंतु वय किंवा आजार यांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या माजी सैनिकांना तो उत्पन्नाची चौकशी करून मिळत असे. या भत्त्याच्या फायली वाचताना मन जड होते, कारण त्यांत लढ्याचे वर्णन थोडे आणि म्हातारपणीच्या गरिबीचे तपशील जास्त असतात.

कायद्याच्या शब्दांचे परिणाम किती खोल जात याचे ठळक उदाहरण म्हणजे मार्गारेट स्किनिडर यांचे प्रकरण. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि पेशाने शिक्षिका असलेल्या स्किनिडर १९१६ च्या उठावात डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन भागात, मायकेल मॅलिन आणि कॉन्स्टन्स मार्कीव्हिच यांच्या हाताखाली प्रत्यक्ष बंदूक घेऊन लढल्या. हारकोर्ट स्ट्रीटवरील कारवाईत त्यांना तीन गोळ्या लागल्या. म्हणजे सेवेबद्दल शंका नव्हती, जखमांबद्दल नव्हती, साक्षीदारांची वाण नव्हती. तरीही १९२३ च्या कायद्याखाली त्यांनी १९२५ मध्ये केलेला अर्ज फेटाळला गेला. कारण असे दिले गेले की कायद्यातील ‘सैनिक’ हा शब्द सर्वसामान्यतः समजल्या जाणाऱ्या पुरुषवाचक अर्थानेच घ्यायचा आहे. जखमेबद्दलचे निवृत्तिवेतन त्यांच्या पदरात पडायला १९३८ साल उजाडावे लागले. केवळ १९२५ चा नकार वाचून कोणी फाइल मिटली असती, तर उठावात जखमी झालेल्या एका लढवय्या स्त्रीची नोंद त्याच्या वहीत ‘दावा अमान्य’ एवढीच राहिली असती. १९२४ च्या कायद्याखालीही स्त्रियांना जवळजवळ वाव नव्हता. राष्ट्रीय सेनेच्या वैद्यकीय विभागात अधिकारी राहिलेल्या डॉक्टर ब्रिजिड लायन्स थॉर्नटन या त्याला अपवाद ठरल्या. १९३४ च्या कायद्याने कुमन ना मॉनच्या सदस्यांचा हक्क मान्य केला खरा, परंतु स्त्रियांना ‘ए’ ते ‘ई’ या पाच श्रेणींपैकी शेवटच्या दोहोंपलीकडे जाऊ दिले नाही. एखाद्या स्त्रीला खालची श्रेणी मिळालेली दिसली, तर ती तिच्या कामाची प्रतवारी समजू नये.

तिसरी पायरी: फाइल क्रमांक समजून घ्या आणि सगळ्या फायली गोळा करा

संग्रहाच्या शोधपानावर नाव टाकल्यावर जे निकाल येतात, त्यांतील प्रत्येकावर एक संदर्भ क्रमांक असतो आणि क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरे कायदा सांगतात. ‘२४एसपी’ असे असेल तर अर्ज १९२४ च्या कायद्याखालचा आहे. ‘एमएसपी३४आरईएफ’ असे असेल तर तो १९३४ च्या कायद्याखाली निर्णय देणाऱ्या पंचाकडे गेलेला आहे. एकाच माणसाच्या नावावर सेवेचा अर्ज, जखमेचा अर्ज, पदकाचा अर्ज आणि विशेष भत्त्याचा अर्ज अशा वेगवेगळ्या फायली असू शकतात, आणि एका फाइलमधील कागद दुसरीतील विधानाशी जुळत नाही असेही घडते. त्यामुळे एक सापडली म्हणून थांबू नये.

खुल्या झालेल्या फायलींना अभिलेखागाराच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेला गोषवारा जोडलेला असतो. तो आधी वाचावा, पण त्यावर विसंबून राहू नये. मूळ कागदांची चित्रे उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक पानाला स्वतःचा अनुक्रम द्यावा, कारण फाइलमध्ये सर्वांत नवे पत्र वर आणि मूळ अर्ज तळाशी असा क्रम बऱ्याचदा असतो. तारखांनुसार पाने पुन्हा लावून घेतली की प्रकरणाची हकिगत आपोआप उलगडू लागते. सर्वच फायली अद्याप संकेतस्थळावर आलेल्या नाहीत, तेव्हा नाव न सापडल्यास अभिलेखागाराला लेखी विचारणा करावी. त्यात पूर्ण नाव, पत्ता, तुकडीचे नाव आणि पहिल्या पायरीवर जमवलेली माहिती द्यावी.

चौथी पायरी: मूळ अर्ज कालखंडांनुसार वाचा

१९३४ च्या कायद्याखालचा अर्ज हा छापील नमुना असून त्यात सेवेचे तुकडे पाडलेले असतात. ईस्टरच्या आठवड्याचा, म्हणजे २३ एप्रिल १९१६ पासूनच्या आठवड्याचा स्वतंत्र कालखंड असतो. पुढे १ एप्रिल ते ३१ मार्च अशी वर्षे, मग १ एप्रिल १९२१ पासून ब्रिटिशांशी झालेल्या ११ जुलै १९२१ च्या युद्धविरामापर्यंतचा काळ, त्यानंतर युद्धविराम ते ३० जून १९२२, आणि शेवटी यादवी युद्धाचा काळ. प्रत्येक खंडासाठी अर्जदाराला तुकडी, वरिष्ठ अधिकारी, भाग घेतलेल्या कारवाया, तुरुंगवास आणि सेवेतील खंड सांगावा लागे.

यातील सर्व कालखंडांना सारखे वजन नव्हते. ईस्टरचा आठवडा आणि युद्धविरामाच्या आधीची सुमारे सव्वा वर्षे हे निर्णायक मानले जात. या काळात ‘सक्रिय सेवा’ दाखवता आली नाही, तर बाकीच्या वर्षांतील निष्ठेने केलेले काम बहुधा उपयोगी पडत नसे. सगळ्या प्रकरणांचा गाभा या सक्रिय सेवेच्या अर्थाभोवती फिरतो. चकमकीत बंदूक चालवणारा सहज त्यात बसे. मात्र रस्त्यात झाडे पाडून लष्करी गाड्या अडवणारा, पहाऱ्यावर उभा राहणारा, निरोप पोचवणारी, फरारी सैनिकांना आठवडेच्या आठवडे घरात ठेवून जेवू घालणारी, दारूगोळा कपड्यांत लपवून नेणारी, अशांची सेवा सक्रिय मानायची की नाही यावर अर्जागणिक खल होई. गनिमी युद्ध अशाच माणसांच्या जोरावर उभे राहते, हे शिवकाळाचा इतिहास ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. तरीही कायद्याची मोजपट्टी त्यांना अपुरीच पडली.

वाचताना एक तक्ता करावा. डावीकडे कालखंड, शेजारी अर्जदाराचे विधान, त्याशेजारी साक्षीदार काय म्हणतात ते, आणि शेवटी पंचाने त्या कालखंडाबद्दल काय मान्य केले ते. चौथा रकाना भरताना जिथे विधान आणि निर्णय यांत तफावत दिसते, तिथेच पुढची विचारपूस करायची असते. अर्ज घटनांनंतर पंधरा-वीस वर्षांनी भरलेला आहे हेही विसरू नये. तारखा चुकणे, दोन चकमकी एक होणे, मृत अधिकाऱ्याचे नाव चुकीच्या तुकडीशी जोडले जाणे हे स्मरणशक्तीचे साधे दोष आहेत, आणि त्यांवरून कोणाला खोटारडे ठरवणे अन्यायाचे होईल.

पाचवी पायरी: शपथेवरील जबाब आणि शिफारसपत्रे

१९२४ च्या कायद्याखाली निर्णय मूल्यांकन मंडळाच्या हाती होता. १९३४ च्या कायद्याखाली कायद्याची जाण असलेला एक पंच आणि त्याला साहाय्य करणारी सल्लागार समिती नेमली गेली. अर्जदाराला समितीपुढे बोलावून शपथेवर जबाब घेत, आणि प्रश्नोत्तरांच्या रूपातील त्याची टंकलिखित प्रत फाइलमध्ये असते. माझ्या मते संपूर्ण फाइलमधील हा सर्वांत मोलाचा कागद होय, कारण छापील नमुन्यातील आखीव उत्तरांपलीकडे जाऊन माणूस इथे स्वतःच्या बोलीत बोलतो. ‘त्या रात्री तुमच्याजवळ शस्त्र होते का’, ‘तुम्ही किती अंतरावर होता’, ‘तुम्हाला हुकूम कोणी दिला’ अशा धर्तीचे प्रश्न पुन्हापुन्हा विचारलेले दिसतील. त्यांचा रोख समजून घ्यावा. समितीला पराक्रमाची गोष्ट ऐकायची नव्हती, तर अर्जदार प्रत्यक्ष कारवाईत होता की नुसता जवळपास होता, एवढे ठरवायचे होते.

शिफारसपत्रे मात्र जरा सावधपणे वाचावीत. अर्जदाराच्या जुन्या अधिकाऱ्यांकडून किंवा ब्रिगेडच्या समितीकडून त्याच्या सेवेची खातरजमा करून घेतली जाई. अधिकारी मरण पावला असेल, अमेरिकेला निघून गेला असेल किंवा यादवी युद्धात विरुद्ध बाजूला गेला असेल, तर अर्जदाराची पंचाईत होई. एकेकाळी एकाच तुकडीत जेवलेली माणसे १९२२ नंतर एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्या वैराची सावली काही पत्रांवर पडलेली दिसते. उलट काही जुन्या अधिकाऱ्यांनी तह आणि विरोध बाजूला ठेवून आपल्या माणसांसाठी मनापासून लिहिले आहे. पत्र कोणाचे, तो कोणत्या बाजूचा, त्याला हे प्रत्यक्ष माहीत असण्याची शक्यता किती, हे तीन प्रश्न प्रत्येक पत्राला विचारावेत.

सहावी पायरी: निकालाचा अर्थ लावा

मंजूर दाव्यात दोन गोष्टी ठरलेल्या असतात: मान्य झालेली सेवेची वर्षे आणि ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंतची श्रेणी. श्रेणी साधारणपणे अर्जदाराच्या हुद्द्यावरून आणि जबाबदारीवरून ठरे. साधा सैनिक बहुधा ‘ई’ श्रेणीत जाई आणि त्या श्रेणीचा दर सेवेच्या दर वर्षामागे वार्षिक ५ पौंड होता. समजा, एखाद्याची ४ वर्षे आणि एक तृतीयांश वर्ष इतकी सेवा मान्य झाली, तर त्याचे वार्षिक निवृत्तिवेतन २१ पौंड, १३ शिलिंग आणि ४ पेन्स होते. जुन्या हिशोबात २० शिलिंगांचा एक पौंड आणि १२ पेन्सांचा एक शिलिंग होता, हे ध्यानात ठेवले की फाइलमधील अशा चमत्कारिक वाटणाऱ्या रकमांवरून उलट गणित करून मान्य झालेली वर्षे काढता येतात. ही वर्षे दिनदर्शिकेतील वर्षांशी जुळतीलच असे नाही, कारण ईस्टरच्या आठवड्याला त्याच्या दिवसांच्या मानाने कितीतरी अधिक सेवाकाळाचे मोल दिले गेले होते आणि काही वर्षांचा केवळ अंशच धरला जाई.

निकाल मंजुरीचा असला तरी अर्जदाराचे समाधान झालेच असेल असे समजू नये. कॉर्क परगण्यातील किलमायकेल येथे ब्रिटिश पोलिस दलावर २८ नोव्हेंबर १९२० रोजी झालेल्या प्रसिद्ध हल्ल्याचे नेतृत्व करणारे टॉम बॅरी यांना सुरुवातीला ‘बी’ श्रेणी देऊ केली गेली, तेव्हा त्यांना तो अपमान वाटला. त्यांनी कडक शब्दांत हरकत घेतली आणि पुढे त्यांना ‘ए’ श्रेणी मिळाली. पैशांच्या फरकापेक्षा राज्याने आपले काम कसे मोजले ही बाब माणसाला किती लागते, ते अशा पत्रव्यवहारातून कळते.

नकाराच्या पत्रात सहसा ‘हा कायदा ज्यांना लागू होतो अशी ही व्यक्ती नाही’ अशा आशयाचे एकच कोरडे वाक्य असते. त्यात कारण दिलेले नसते. कारण शोधण्यासाठी तुमच्या तक्त्याकडे परतावे: निर्णायक कालखंडांत सक्रिय सेवा मान्य झाली का, साक्षीदाराने दुजोरा दिला का, सेवेत खंड पडला होता का. नकारानंतर अर्जदाराने नवा पुरावा पाठवला, आमदाराकडून किंवा धर्मगुरूंकडून पत्र आणले, १९४९ नंतर पुन्हा मागणी केली, असे टप्पे असू शकतात. मंजुरीनंतरही फाइल वाढत राहते. सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाच्या रकमेत कपात होई आणि त्यावरून वर्षानुवर्षे वाद चाललेले आढळतात. त्या पत्रांतून त्याने पुढे कुठे नोकरी केली, कुठे घर बदलले, केव्हा तो वारला, हे सगळे कळते, म्हणून ती कंटाळवाणी वाटली तरी गाळू नयेत.

सातवी पायरी: फाइलबाहेरचा पुरावा

एकट्या फाइलवरून सेवेचे चित्र पूर्ण होत नाही. सर्वप्रथम त्याच संग्रहातील नामावल्या पाहाव्यात. ११ जुलै १९२१ आणि १ जुलै १९२२ या दोन तारखांना प्रत्येक तुकडीत कोण होते, याच्या याद्या १९३० च्या दशकात जुन्या अधिकाऱ्यांच्या समित्यांनी गावोगाव बसून तयार केल्या. कुमन ना मॉनच्याही अशा याद्या आहेत. ज्याची निवृत्तिवेतनाची फाइल नाही, त्याचे नाव इथे सापडू शकते. नावापुढे देश सोडून गेल्याची किंवा मरण पावल्याची नोंदही असते. ब्रिगेडनिहाय कारवायांचे अहवालही आहेत. त्यांत एखाद्या हल्ल्यात कोणकोण होते याची यादी मिळते, आणि अर्जदाराच्या दाव्याशी ती थेट ताडून पाहता येते.

दुसरे साधन म्हणजे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या लष्करी इतिहास विभागाने गोळा केलेले १,७७३ साक्षीदारांचे जबाब. ते २००३ मध्ये खुले झाले आणि संकेतस्थळावर वाचता येतात. तुमच्या व्यक्तीचा स्वतःचा जबाब नसला, तरी तिच्या गावाचे, तुकडीचे किंवा अधिकाऱ्याचे नाव टाकून शोध घ्यावा. एक भेद मात्र पाळावा: निवृत्तिवेतनाचा जबाब पैशांच्या हक्कासाठी दिलेला आहे आणि हा जबाब इतिहासासाठी. दोन्हींत एकच घटना वेगळी दिसली, तर दोन्ही आवृत्त्या नोंदवाव्यात.

सेवापदक घरात जपून ठेवलेले असेल तर त्याचीही नीट पाहणी करावी. १९४१ पासून दिल्या गेलेल्या १९१७–१९२१ च्या सेवापदकाचे दोन प्रकार आहेत. फितीवर आडवी पट्टी असलेले पदक सक्रिय सेवेसाठी होते, आणि पट्टी नसलेले पदक युद्धविरामापूर्वीचे तीन महिने सलग सदस्य असलेल्यांसाठी. निवृत्तिवेतन नाकारले गेलेल्या माणसाकडे पट्टी नसलेले पदक असणे ही विसंगती नव्हे. तुरुंगवासाचा दावा असेल तर वेल्समधील फ्राँगॉखची १९१६ ची छावणी, काउंटी डाउनमधील बॅलीकिनलरची छावणी अशी ठिकाणे अर्जात येतील. ब्रिटिश लष्कराने आयर्लंडमध्ये केलेल्या अटकांची आणि लष्करी खटल्यांची बरीच कागदपत्रे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ३५’ या मालिकेत आहेत.

भारताशी थेट जोडलेल्या फायली

भारतातील वाचकांनी एका छोट्या गटाकडे अवश्य पाहावे. २८ जून १९२० रोजी जालंधरच्या छावणीत ब्रिटिश सैन्यातील कॉनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीच्या सैनिकांनी, मायदेशात ब्रिटिश दले करत असलेल्या अत्याचारांच्या निषेधार्थ, सेवा करण्यास नकार दिला. बंड सोलनला पोचले. तिथे १ जुलैला जेम्स डेली यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रागाराकडे चालून गेलेल्या सैनिकांवर गोळीबार होऊन दोघे मारले गेले. डेली यांना २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. त्यांचे अवशेष १९७० मध्ये आयर्लंडला नेले गेले. बाकीचे बंदिवान १९२३ च्या जानेवारीत सुटले.

हे सैनिक आयरिश रिपब्लिकन आर्मीचे सदस्य नव्हते, म्हणून १९२४ किंवा १९३४ च्या कायद्यात ते बसत नव्हते. त्यांच्यासाठी आयरिश संसदेने १९३६ मध्ये ‘कॉनॉट रेंजर्स निवृत्तिवेतन कायदा’ स्वतंत्रपणे केला. या दाव्यांत कालखंडांचा तक्ता, ब्रिगेडची नामावली किंवा सक्रिय सेवेचा वाद यांचा उपयोग नाही. इथे प्रश्न असा असतो की अर्जदार त्या पलटणीत होता का, बंडात सामील झाला का आणि त्यापायी त्याला कोणती शिक्षा भोगावी लागली. त्यामुळे पुराव्याचा भार ब्रिटिश लष्करी न्यायालयाच्या कागदांवर येतो, आणि शोधही क्यू येथील अभिलेखागाराकडे वळवावा लागतो. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या सेवानोंदींचा मोठा हिस्सा १९४० मधील जर्मन बॉम्बहल्ल्यात जळाला आहे, हे लक्षात घेऊन सेवानोंद सापडली नाही तरी खटल्याच्या कागदांकडे जावे.

शेवटी टिपणाबाबत. फाइलमधून उतरवलेल्या प्रत्येक विधानापुढे पूर्ण संदर्भ क्रमांक, पान आणि कागदाची तारीख लिहावी, तसेच ते विधान कोणाचे आहे हे वेगळे नोंदवावे: अर्जदाराचे, साक्षीदाराचे की पंचाचे. ‘अमुक हल्ल्यात होता’ असे लिहिण्याऐवजी ‘अमुक हल्ल्यात होतो असे त्याने १९३६ च्या जबाबात सांगितले आणि त्याच्या कंपनीच्या कप्तानाने त्यास दुजोरा दिला’ असे लिहिले, तर नंतर ब्रिगेडचा अहवाल किंवा दुसऱ्या कोणाची फाइल खुली झाल्यावर नेमका कोणता भाग दुरुस्त करायचा ते कळते. अजून खुल्या व्हायच्या फायलींची संख्या मोठी असल्याने तुमच्या व्यक्तीच्या तुकडीतील सात-आठ नावांची यादी जवळ ठेवावी आणि नवा टप्पा प्रसिद्ध झाला की ती नावे पुन्हा शोधून पाहावीत.